दहा म्हणजे बुडालेला माणूस

९ मे

बाबा,

काल मी फोन केला तेव्हा आईने तो तुझ्या हातात दिला आणि तू एक शब्दही न बोलता परत तिच्या हातात दिलास. मला ते कळलं. तुझा श्वास मला ओळखता येतो. म्हणून आता लिहिते आहे. कागद आईच्या हातात दिलास तरी तो तुझ्याशीच बोलणार.

हे माफीचं पत्र नाही, हे आधीच सांगते. आयनार काकाच्या नातवाचं, माल्टेचं, चर्चमध्ये कन्फर्मेशन झालं त्या जेवणात, सगळ्या नातेवाइकांसमोर मी म्हणाले की माझे बाबा कित्येक वर्षं दुखऱ्या जबड्याने जेवताहेत आणि कुणाला पत्ता लागू देत नाहीत. ते खरं होतं. खरं बोलल्याबद्दल माफी मागायची तर मग मला खरं बोलायला शिकवायचंच नव्हतं.

सुरुवात मी केली नव्हती. आयनार काकाने विचारलं, दातांची डॉक्टर झालीस, मग दात का काढत नाहीस? मी सांगितलं की मी जबड्याच्या स्नायूंच्या दुखण्यावर संशोधन करते, आणि त्यासाठी निरोगी माणसांच्या गालात थोडा वेळ टिकणारं दुखणं मुद्दाम निर्माण करते. काका म्हणाला, म्हणजे धडधाकट माणसाला खुर्चीत बसवून रडवायचं आणि वर पगार घ्यायचा. आमच्या वेळी अशांना पोलीस न्यायचे. टेबल हसलं. मीही हसले. पण तू हसला नाहीस. सुरी खाली ठेवून म्हणालास, "दुखणं द्यायला एक देव पुरेसा आहे. त्यात माझ्या मुलीची भर कशाला?"

प्रार्थनाघरातली सगळी मंडळी तुझ्याकडे बघून माना डोलवायला लागली, आणि माझं लक्ष तुझ्या ताटाकडे गेलं. भाजलेल्या डुकराची कुरकुरीत साल तू काढून बाजूला ठेवली होतीस. आपल्या बंदरावर ती साल ताटात टाकणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. पाव तू रश्शात भिजवून, डाव्या बाजूने, न चावता गिळत होतास. तेव्हा मी ते बोलले.

तू उठलास, जॅकेट घातलंस आणि धक्क्यावर निघून गेलास. माल्टेवर रचलेली गाणी अजून म्हणायची होती. तुझ्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून मी ती सगळी म्हटली. मुलाचा दिवस होता, त्याचा काय दोष?

तुझी मुलगी, अजूनही,
सोल्वाय

२ जून

बाबा,

उत्तर नाही. ठीक आहे. आई म्हणाली, पत्र उघडलेलं होतं. तेवढं मला पुरे.

मी नक्की काय करते ते काकाने सांगितलं तसं समजू नकोस, माझ्याकडून ऐक. गालावर बोटं ठेव आणि दाढा दाब. बोटांखाली जो गोळा टणक होतो, तो चावण्याचा स्नायू. आम्ही त्यात बारीक सुईने चिमूटभर खारं पाणी सोडतो. समुद्राच्या पाण्याहून खारट, पण नुसतं मीठ आणि पाणी. अर्ध्या मिनिटात दुखणं चढतं, कानशिलाकडे आणि दाढांकडे पसरतं, आणि काही मिनिटांत ओसरतं. मागे काही उरत नाही. ही सुई मी सगळ्यांत आधी माझ्याच गालात टोचून घेतली. आमच्याकडे तशी सक्ती नाही. पण जे मी घेतलेलं नाही ते दुसऱ्याला कोणत्या तोंडाने देऊ?

तू म्हणशील, दुखणारे इतके असताना न दुखणाऱ्यांना कशाला छळायचं? कारण वर्षानुवर्षं दुखतंय त्या माणसात सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. झोप नाही म्हणून दुखतंय की दुखतंय म्हणून झोप नाही? दात आवळतो म्हणून दुखतं की दुखतं म्हणून दात आवळतो? कशातून काय निघालं ते सांगता येत नाही. निरोगी माणसात मला ते माहीत असतं, कारण सुरुवात मी केलेली असते. जाळ्याचा गुंता सोडवायला शिकायचा तर आधी स्वतः एक गाठ मारून बघावी लागते. हे मला तूच शिकवलंस, शेडमध्ये, मी सहा वर्षांची असताना.

आता कालची गोष्ट. आपल्या बंदराकडचा एक मुलगा आला होता. नाव सांगायची मला परवानगी नाही, त्याला बर्फवाला म्हणते, कारण तो बर्फाच्या कारखान्यात काम करतो. ताडमाड उंच. आमचा तंत्रज्ञ एम्रे त्याला म्हणाला, खुर्ची तुझ्या मापाची नाही, पाय खिडकीबाहेर सोड. तो म्हणाला, सोडतो, पण कुणी सायकल अडकवली तर मी जबाबदार नाही.

मी सुई दिली. त्याचा चेहरा पांढरा झाला, कपाळावर घाम आला, एका डोळ्यातून पाणी गालावर उतरलं. खुर्चीचा हात त्याने असा धरला होता की बोटांची पेरं उजळ दिसत होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला: शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे तुला कल्पना करता येईल ते सगळ्यांत वाईट दुखणं. किती?

तो म्हणाला, दोन.

मी पुन्हा विचारलं. तो जरा शरमून म्हणाला, दीड लिहिलंत तरी चालेल.

तुला ओळखीचं वाटतंय का काही?

सोल्वाय

२३ जून

बाबा,

आज धक्क्यावर उन्हाळ्याच्या सणाची शेकोटी पेटेल आणि तू गर्दीच्या मागे, वाऱ्याच्या बाजूला उभा असशील. मी येणार नाही. तू बोलावलं नाहीस, आणि मी लपतछपत येणाऱ्यांतली नाही.

आईने मला एक गोष्ट सांगितली. तिच्यावर रागावू नकोस. तीही माझ्यासारखीच कंटाळली आहे तुझ्या गप्प बसण्याला. गेल्या शरद ऋतूत तू दुखण्याच्या दवाखान्यात जाऊन आलास, एकटाच, मोटार घेऊन, आणि तिला सांगितलंस की इंजिनाचा भाग आणायला चाललोय. तिथे तुला तोच प्रश्न विचारला, शून्य ते दहा. तू म्हणालास दोन. त्यांनी एक पत्रक दिलं: सावकाश चावा, च्युइंग गम टाळा. चारच्या खाली असलेल्यांना पुढचे उपचार देत नाहीत. तू ते पत्रक शेगडीत घातलंस आणि त्या दिवसापासून डॉक्टर या जातीशी तुझं बिनसलं. मग त्याच जातीतली तुझी मुलगी चारचौघांत तुझ्या जबड्याबद्दल बोलली.

हे मला मे महिन्यात माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी बोललेच असते, फक्त जास्त मोठ्याने.

बर्फवाल्यानंतर आपल्या किनाऱ्याकडची आणखी तिघं आली. त्यांचे आकडे: दोन, तीनच्या जरा खाली, दोन. आमचा नियम असा की ज्याचा आकडा तीनपर्यंत पोचत नाही त्याच्यात दुखणं निर्माणच झालं नाही असं धरायचं आणि त्याच्या जागी दुसरा माणूस घ्यायचा. आमची प्रमुख बोडिल म्हणाली, चौघांना वगळ.

मी बर्फवाल्याला फोन केला. विचारलं, तू दोन म्हणालास तेव्हा दहाच्या जागी तुझ्या डोळ्यांसमोर काय होतं? तो म्हणाला, "काय म्हणजे? दहा म्हणजे बुडालेला माणूस. माझा मामा. त्याच्यापुढे तुमचं मीठपाणी काय?"

दुसऱ्याच्या दहावर होता दोरखंडाच्या यंत्रात गेलेला आपल्या बंदरावरच्या ईवालचा हात. तिसऱ्याचा बाप बोटीसकट गेलेला. इथल्या शहरातल्या विद्यार्थ्यांना मी हेच विचारलं. त्यांच्या दहावर अक्कलदाढ होती, मुतखडा होता, एकीच्या दहावर सायकलवरून पडणं होतं. म्हणून ते खाऱ्या पाण्याला सहा म्हणतात, सात म्हणतात. खोटं कुणीच बोलत नाही. मोजपट्टी प्रत्येकाची वेगळी आहे, आणि आपण समजतो की ती एकच आहे. आपल्या लोकांचं हे असंच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा आणि वर मारणाऱ्याला विचारायचं, हात दुखला नाही ना.

तुझ्या दहावर कोण आहे ते मला विचारायचं नाही. मला माहीत आहे. बोट एक माणूस कमी घेऊन परतली त्या दिवशी मला शाळेतून लवकर घरी पाठवलं होतं.

मी बोडिलकडे गेले. आमच्याकडे प्रमुखालाही नावाने, अरे-तुरेनेच बोलतात, त्यामुळे भांडण लवकर पेटतं. मी म्हणाले, या चौघांना मी वगळणार नाही. ती म्हणाली, नियम तू स्वतः लिहिलास, सही तुझी आहे, प्रयोग सुरू होण्याच्या आधीची. "आकडा आवडला नाही म्हणून बदलायचा, मग तो आकडा राहत नाही, सोल्वाय. ते तुझं मत होतं. मतं मला न्हाव्याकडेही मिळतात."

मी म्हणाले, बदलणार नाही. दोनाचे सहा करणार नाही. पण त्यांना दुखलं नाही असंही लिहिणार नाही. तसं लिहायचं असेल तर सही दुसऱ्या कुणाची घे आणि माझी जागाही दुसऱ्या कुणाला दे.

ती वाईट बाई नाही, बाबा. फक्त तिने आयुष्यभर अशी माणसं पाहिली आहेत ज्यांना हवं ते उत्तर मिळेपर्यंत मोजत राहायची सवय असते. शेवटी म्हणाली, त्यांचे शब्द न वापरता सिद्ध कर. हिवाळ्यापर्यंत. नाही जमलं तर चौघं जातील, आणि तू राहतेस की जातेस ते तुझं तू बघ.

घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. ती जागा सोडायची वेळ आली तर तुला काय वाटेल याचा मी विचार केला. मग लक्षात आलं, तुझ्यासारख्यांना दारातून परत पाठवणाऱ्या मोजपट्टीवर सही करायला मी शिकले नव्हते.

सोल्वाय

२७ ऑगस्ट

बाबा,

जमलं. निदान अर्धं.

रक्तदाब मोजताना दंडाला बांधतात तसा हवेचा पट्टा असतो, तो आम्ही पोटरीला बांधतो. बटण माणसाच्या स्वतःच्या हातात. गालात खारं पाणी सोडलं की त्याने बटण दाबून पट्टा फुगवत न्यायचा, आणि पोटरी गालाइतकीच दुखायला लागली की हात काढायचा. आकडा विचारायचा नाही. कल्पना करायला सांगायचं नाही. बुडालेल्या कुणालाही मध्ये आणायचं नाही. माणसाच्या एका दुखण्याला त्याच्याच दुसऱ्या दुखण्याशेजारी उभं करायचं, बस. पट्ट्यातला दाब यंत्र मोजतं.

कल्पना माझी नाही, अशी तुलना पूर्वीही झालेली आहे. मी ती फक्त योग्य ठिकाणी नेली. चौघांना पुन्हा बोलावलं. बर्फवाला आला आणि एम्रेला म्हणाला, आता पायही दुखवणार का? पुढच्या वेळी काय, कान? एम्रे म्हणाला, कान पुढच्या वर्षी, अनुदान मंजूर झालं तर.

दोन म्हणणाऱ्या किनाऱ्यावरच्यांनी पट्टा जिथे थांबवला, तिथेच सहा आणि सात म्हणणाऱ्या शहरातल्यांनी थांबवला. काहींनी तर आपल्यांच्या आधीच. मी तो आलेख बोडिलच्या टेबलावर ठेवला. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाली, चौघं राहू देत. मग लगेच म्हणाली, पण ही निरोगी पोरं आहेत, दहा मिनिटांची पाहुणी. दवाखान्याचा नियम या जोरावर हलणार नाही. खरोखर वर्षानुवर्षं दुखतंय अशी माणसं आण, ज्यांनी कमी आकडा सांगितला आणि जी परत गेली.

म्हणून आता तशी माणसं शोधते आहे. त्यांना सुई नाही, खारं पाणी नाही. फक्त पट्टा, आणि त्यांचं स्वतःचं दुखणं. बंदराच्या साप्ताहिकात छोटी जाहिरात दिली आहे, मासळीच्या भावांच्या खाली, कारण ते पान सगळेच वाचतात. खाली नाव एम्रेचं आहे.

तुला बोलावत नाही. उलट स्पष्ट सांगते, संशोधकाच्या नात्यातलं माणूस अभ्यासात चालत नाही. तू तुझा दवाखान्यात जा, पुन्हा, आणि या वेळी आकडा सांगू नकोस. सांग की साल चावता येत नाही. सांग की सकाळी तोंड पुरतं उघडत नाही. आईने मला हेही सांगितलं आहे. काय करायचं ते कर.

सोल्वाय

११ ऑक्टोबर

बाबा,

हे पत्र वाचून तू रागावशील. वाच तरी.

मंगळवारी मी दुसऱ्या इमारतीत शिकवत होते. परत आले तेव्हा प्रयोगाच्या खोलीचं दार बंद होतं आणि बाहेर, चटईवर, लाकडी तळव्यांचे बूट होते, टाचा भिंतीला टेकवून सरळ लावलेले. असे बूट इथे कुणी घालत नाही, आणि घातलेच तर दवाखान्याच्या दारात काढून ठेवत नाही. मी बाकावर बसले. आत जायचा मला अधिकार नव्हता. एम्रेला काही माहीत नव्हतं. मी आईचं आडनाव लावते, आणि तू फोनवर फक्त "विलाड्स क्रोग, जबडा" एवढंच सांगितलं होतंस म्हणे.

पट्टा फुगायला लागला की पंप गुणगुणतो. जरा वेळाने माणूस बटण सोडतो आणि आवाज थांबतो. तुझा थांबला नाही. तो चढत गेला. मी मनात म्हणत होते, आता सोड, आता सोड. मग फुस्सकन हवा सुटल्याचा आवाज आला. तो तू केलेला नव्हता. दाब धोक्याच्या रेषेपर्यंत गेला की यंत्र आपणहून पट्टा मोकळा करतं. यंत्र तपासताना मी तो आवाज ऐकला आहे. माणूस बसलेला असताना कधीच नाही.

मग आतून तुझा आवाज आला, एम्रेला विचारताना: "संपलं? अजून पोचलं नव्हतं."

मी भिंतीकडे तोंड करून बसले. का ते लिहीत नाही.

तू लंगडत बाहेर आलास. मला बघून दचकला नाहीस. बूट घातलेस, आणि मे महिन्यानंतरचं पहिलं वाक्य बोललास. "इथे कॉफी मिळते का, की तीही खारीच असते?"

आपण कॉफीच्या यंत्राशेजारी उभ्याने कॉफी प्यायलो. तू कागदी पेल्यात बघत विचारलंस, त्या पोराला मी कोण ते माहीत आहे का. मी म्हणाले नाही. तू म्हणालास, "मग सांगू नकोस. असू दे मोजलेलं. तुझ्या कामाला येईल."

एवढं बोलून तू निघून गेलास. आई गाडीत थांबली होती, तिने हात केला.

बाबा, तुला कळलं होतं ते. प्रमुखाशी भांडण, हिवाळ्यापर्यंतची मुदत, सगळं तू वाचलं होतंस, आणि ज्या माणसाने दुखणं कधी बायकोलाही दाखवलं नाही तो बंदरापासून इथवर ते मोजून द्यायला आला, माझी जागा राहावी म्हणून. आणि खरंच, तुझ्या मोजमापाएवढा भक्कम पुरावा माझ्याकडे दुसरा नाही. दोन म्हणून परत पाठवलेला माणूस, आणि यंत्र हरलं. त्या एका ओळीवर बोडिल गप्प बसली असती.

मी त्याच दुपारी तिच्याकडे गेले आणि सांगितलं की विलाड्स क्रोग माझे बाबा आहेत.

आता रागाव. फोन पुन्हा आईकडे दे. मी आकडा बदलणार नाही म्हणाले होते तेव्हा ते आपल्या लोकांसाठी होतं, आणि आज तो गमावतानाही तेच आहे. तुझं मोजमाप मी लपवून आत ठेवलं असतं आणि उद्या कुणी ते उघड केलं असतं, तर बर्फवाल्याचं आणि बाकी सगळ्यांचं दुखणं त्याच्याबरोबर खोटं ठरलं असतं. म्हटलं असतं, मुलीने बापाला मोजलं, ते दोघंही तिकडचेच. पुन्हा एकदा दारातून परत.

नियमाप्रमाणे तुला अभ्यासातून काढलं. काट मीच मारली, दुसऱ्या कुणाला मारू दिली नाही.

बोडिल माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, यंत्र सुटलं तेव्हा ते काय म्हणाले? मी तुझं वाक्य सांगितलं. ती उठली, दार लावलं आणि त्या दुखण्याच्या दवाखान्यातल्या मुख्य डॉक्टरीणबाईंना फोन केला. नंतर मला म्हणाली, अभ्यासातून गेला तरी माणूस रुग्ण असायचा थांबत नाही. तो माणूस मला आता नुसता माणूस म्हणून माहीत आहे, आणि ते मला कुठल्याही नियमाने विसरायला लावलेलं नाही.

पुढच्या गुरुवारी सकाळी तुला वेळ दिली आहे. कागद टपालाने येईल. तिथल्या बाई तुझा जबडा स्वतः हाताने तपासतील, रात्री आवळू नये म्हणून दातांवरचं कवच बनवायला घेतील, स्नायू सैल करायचे व्यायाम दाखवतील. जादू होणार नाही. महिने लागतील. तू आकड्याने उत्तर द्यायचं नाहीस हे मी त्यांना कळवलं आहे. त्यांना पटलं असेल किंवा नसेल.

माझ्याकडे जाहिरातीवरून आलेली बाकीची माणसं आहेत. ती पुरतील की नाही ते हिवाळा सांगेल. नाही पुरली तर मी पुन्हा जाहिरात देईन, आणि ही जागा गेली तर दुसरीकडून देईन. त्याची काळजी तू करू नकोस. मला सिद्ध करायला तू नको आहेस, बाबा. तुला बरं वाटायला हवं आहे, एवढ्यासाठीच जा.

इंजिनाचा भाग आणायला चाललोय असं आईला सांगू नकोस. तिला बरोबर घेऊन जा.

सोल्वाय